लाइट आली, नेट आलं, तरी डीसीसीने फाइल जात नाही: दर वेळचा अडथळा कसा शोधायचा

शिरपूरहून माझ्या मावसभावाचा निरोप ठरलेला असतो. "भो, लाइट गयी, फाइल बी गयी. आते काय करानं?"

लाइट गेली की चालू असलेली फाइल अर्धवट राहणार, हे कुणालाही कळतं. तिथे काही शोधायचं नाही. खरा त्रास पुढे आहे. लाइट परत येते, राउटरचे दिवे लागतात, ब्राउझर उघडतो, आयआरसीवर (इंटरनेटवर लिहून गप्पा मारायची जुनी सोय) गप्पाही सुरू होतात आणि डीसीसीने, म्हणजे आयआरसीवरून एका कॉम्प्युटरवरून थेट दुसऱ्यावर, पाठवायची फाइल मात्र शून्य टक्क्यावर बसून राहते. काल रात्री ज्या सेटिंगवर दोन फाइली धडधड गेल्या, त्याच सेटिंगवर आज एक बाइट हलत नाही. अमळनेरला उन्हाळ्यात आमच्याकडे हे आठवड्यातून दोन-तीनदा व्हायचं. प्रत्येक वेळी मी सगळं काढून नव्याने टाकायचो, कधी चालायचं, कधी नाही, आणि का चाललं ते कधीच कळायचं नाही. आता कळलंय, म्हणून लिहितोय.

आमचं काम काय ते आधी सांगतो, म्हणजे एवढा खटाटोप कशासाठी ते लक्षात येईल. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हटली जाणारी गाणी आणि श्रावणातली कानबाई देवीची गाणी आम्ही दोघं घरच्या आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांकडून रेकॉर्ड करून ठेवतोय. मी इकडे, तो तिकडे. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये असतं. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन वाहिन्या, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. तासाभराची बैठक सुमारे ६३५ एमबी होते. ती फोनच्या ऍपवरून आवाज म्हणून पाठवली तर दाबून लहान केली जाते, आणि आजीच्या आवाजातली थरथर नेमकी तिथेच जाते. आम्हाला मूळ फाइल हवी असते, जशीच्या तशी, एका कॉम्प्युटरवरून थेट दुसऱ्यावर. त्यासाठी आयआरसी अजूनही चोख आहे. मोबाइल नंबर द्यावा लागत नाही, जुन्या कॉम्प्युटरवर चालतं, कुणाच्या ड्राइव्हमध्ये जागा मागावी लागत नाही.

नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी थोडक्यात. आयआरसी १९८८ साली फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी तयार केलं. विंडोजवर एमआयआरसी किंवा हेक्सचॅट, लिनक्सवर हेक्सचॅट, इर्सी किंवा वीचॅट, यांतलं एक घ्या. एमआयआरसी ३० दिवस वापरून पाहता येतं, पुढे पैसे भरायचे. बाकीचे तिन्ही मोफत. एक टोपणनाव निवडा, नेटवर्क (आयआरसीच्या सर्व्हरांचा गट) निवडा, सर्व्हरला सुरक्षित जोडणीने जोडा (पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरच्या पत्त्यावरच्या दाराचा नंबर, सहसा ६६९७) आणि चॅनेलमध्ये, म्हणजे गप्पांच्या खोलीत, शिरा. बस, एवढंच. कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना त्या रोमन अक्षरांत करायच्या.

आता मुद्दा. आयआरसीचा सर्व्हर फाइल वाहून नेत नाही. त्याचं काम ओळी पोचवण्याचं, आणि एक ओळ जास्तीत जास्त ५१२ बाइटची. फाइल द्यायची असली की पाठवणाऱ्याचा प्रोग्राम सर्व्हरमार्फत फक्त एक चिठ्ठी धाडतो: या नावाची फाइल आहे, एवढी मोठी आहे, माझ्या या पत्त्यावर, या पोर्टवर ये आणि घेऊन जा. त्यानंतर दोन कॉम्प्युटर थेट जोडले जातात. हीच डीसीसी. चॅनेलमधल्या बॉटकडे (आपोआप उत्तर देणाऱ्या प्रोग्रामकडे) फाइलींची यादी असते आणि नंबर सांगून त्यातली फाइल मागवता येते, ती एक्सडीसीसी. कमांड अशी: स्लॅश, एमएसजी, बॉटचं नाव, एक्सडीसीसी, सेंड, हॅश आणि लगेच नंबर.

यातली एकच गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. दार पाठवणारा उघडतो, आणि घेणारा त्याच्या दारापर्यंत चालत जातो. घेणाऱ्याला स्वतःचं दार उघडावं लागत नाही. मी चार महिने नेमकं उलटं समजत होतो. फाइल माझ्याकडे येत नाही म्हणून माझ्याच राउटरचं पोर्ट उघडत बसायचो, आणि अडथळा असायचा शिरपूरला. म्हणून कुठल्याही तक्रारीत पहिला प्रश्न हाच: पाठवतंय कोण? जो पाठवतोय त्याच्या घरापासून तपासणी सुरू करा.

लाइट गेल्यावर तीन गोष्टी एकदम बदलतात: तुमचं टोपणनाव, राउटरने दिलेला घरातला पत्ता आणि जगाला दिसणारा बाहेरचा पत्ता. एकच बदलली असती तर माणसाने केव्हाच शोधून काढली असती. तिन्ही एकत्र बदलतात आणि स्क्रीनवर यातलं काहीच दिसत नाही.

टोपणनावापासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यात सोपं. तुम्ही रीतसर बाहेर पडलात तर सर्व्हरला कळतं. लाइट गेली तर सर्व्हर काही मिनिटं तुम्ही आहातच असं धरून चालतो. तेवढ्यात तुम्ही परत आलात की तुमचं नाव तुमच्याच भुताने अडवलेलं असतं, आणि प्रोग्राम नावापुढे एक अधोरेघ लावून तुम्हाला आत घेतो. बॉटच्या लेखी ही दोन माणसं. जागा जुन्या नावाकडे अडकलेली, नवं नाव रांगेत शेवटी. कधी बॉट सांगतो की ही फाइल तुम्ही आधीच मागितली आहे. लोक इथे चिडून तीच कमांड दहा वेळा मारतात आणि चॅनेलमधून हाकलले जातात. दहा वेळा मारू नका. जिथे निकसर्व्ह (टोपणनावं नोंदवून ठेवणारी सेवा) आहे तिथे नाव नोंदवून ठेवा, मग परत आल्यावर घोस्ट किंवा रिगेन कमांडने भूत घालवता येतं. ईएफनेट या नेटवर्कवर निकसर्व्ह नाही, तिथे पाच मिनिटं थांबायचं आणि मग नाव बदलून घ्यायचं. आणखी एक, बहुतेक बॉट त्यांच्या चॅनेलमध्ये हजर असलेल्यालाच फाइल देतात. परत जोडल्यावर आपण चॅनेलमध्ये खरंच शिरलो का, ते बघा.

आता घरातला पत्ता. माझा महिना यात गेला.

फाइल पाठवायची म्हणजे बाहेरून आलेल्याला राउटरने माझ्या कॉम्प्युटरपर्यंत आणून सोडलं पाहिजे. त्यासाठी मी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलं होतं: ५०५०० ते ५०५१० या पोर्टवर जो येईल त्याला १९२.१६८.१.५ कडे पाठव. हेक्सचॅटमध्ये सेटिंग्ज, प्रेफरन्सेस, नेटवर्क, फाइल ट्रान्सफर्स या पानावर पहिलं आणि शेवटचं पोर्ट तेच लिहिलं होतं. छान चाललं. मग एका दुपारी लाइट गेली. परत आली तेव्हा राउटर रिकाम्या वहीने उठला. बऱ्याच साध्या राउटरमध्ये कुणाला कोणता पत्ता दिला याची यादी बंद झाल्यावर पुसली जाते. घरातले फोन बॅटरीवर जागेच होते, त्यांनी वायफाय दिसताच पटापट पत्ते घेतले. माझा कॉम्प्युटर सावकाश उठला आणि त्याला शेवटी ७ मिळाला. ५ गेला आईच्या फोनकडे. म्हणजे शिरपूरचा भाऊ माझ्या दाराशी येत होता आणि राउटर त्याला इमानदारीने आईच्या फोनपाशी नेऊन सोडत होता.

उपाय पाच मिनिटांचा आणि कायमचा. राउटरच्या पानावर डीएचसीपीच्या (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटण्याच्या) भागात ऍड्रेस रिझर्व्हेशन असतं. तिथे कॉम्प्युटरचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) निवडा आणि त्याला ठरलेला आकडा बांधून द्या. लाइट शंभर वेळा गेली तरी तो आकडा दुसऱ्या कुणाला मिळत नाही. हे न करता पोर्ट फॉरवर्ड करणं म्हणजे वाळूवर खुंटा ठोकणं.

तिसरा बदल बाहेरच्या पत्त्याचा, आणि तो पकडायची एक युक्ती आहे जी मला फार उपयोगी पडली. हेक्सचॅटच्या विंडो मेनूत रॉ लॉग नावाची खिडकी आहे. एमआयआरसीत डीबग कमांडने तशीच खिडकी उघडते. तिथे सर्व्हरशी होणारी बोलणी कच्च्या रूपात दिसतात. कुणी फाइल देऊ केली की डीसीसी, सेंड, फाइलचं नाव आणि मागे तीन आकडे अशी ओळ येते. पहिला आकडा लांबलचक असतो, तो म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता. ठिपक्यांचे चार आकडे गुंफून एकच संख्या केलेली असते. दुसरा आकडा पोर्ट, तिसरा फाइलचा आकार.

मावसभावाने पाठवलेल्या ओळीत मला दिसलं: ३२३२२३५७८१. हे म्हणजे १९२.१६८.१.५. त्याचा प्रोग्राम मला सांगत होता की मी १९२.१६८.१.५ वर आहे, ये. पण तो पत्ता त्याच्या घराच्या आतला. माझ्या घरातही तोच पत्ता आहे. गावाचं नाव न सांगता "मारुतीच्या देवळाजवळ ये" म्हटल्यासारखं झालं. हिशोब करत बसू नका. दहा आकडी संख्या ३२३२ ने सुरू झाली की समजा, पाठवणारा घरातला पत्ता देतोय. संख्या १६८१९१५९०४ आणि १६८६११०२०७ यांच्या मध्ये असली तर प्रकरण वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

घरातला पत्ता जात असेल तर पाठवणाऱ्याने हेक्सचॅटच्या त्याच फाइल ट्रान्सफर्सच्या पानावर आपला पत्ता सर्व्हरकडून घेण्याची खूण करावी. एमआयआरसीत लोकल इन्फोमध्ये लुकअप मेथड सर्व्हर ठेवावी, आणि लाइट येऊन गेल्यावर एकदा स्लॅश, लोकलइन्फो, उणे यू ही कमांड द्यावी, म्हणजे जुना पत्ता टाकून नवा घेतला जातो. काही नेटवर्कवर सर्व्हर सुरक्षेसाठी तुमचा पत्ता झाकतो. तिथे सर्व्हरला विचारून उपयोग नाही, पत्ता हाताने लिहावा लागतो, आणि तो बदलला की पुन्हा लिहावा लागतो.

दोन राउटर, आणि एकाच पत्त्यावर अख्खी आळी

आपल्याकडे केबलवाला फायबरचा डबा बसवून जातो, त्याच्यातच राउटर असतो. मग वायफाय मागच्या खोलीत पोचत नाही म्हणून आपण बाजारातून दुसरा राउटर आणून त्याला जोडतो. आता दारं दोन झाली. आतलं उघडलं आणि बाहेरचं बंद राहिलं तर येणारा अंगणातच अडतो. ओळखायची खूण अशी: आपल्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅन पत्ता (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) बघा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर मागे आणखी एक राउटर बसलाय. दोन्हीकडे फॉरवर्ड करा, किंवा दुसरा राउटर ऍक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवतो. मी दुसरं केलं, त्यात कटकट कमी.

वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुमच्या हातात फारसं काही उरत नाही. पत्ते अपुरे पडतात म्हणून पुरवठादार अनेक गिऱ्हाइकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात. तो वर सांगितलेला १६८१९१५९०४ पासूनचा पट्टा हाच. काही पुरवठादार यासाठी १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. मोबाइलच्या नेटवर तर हे सर्रास असतं. अशा जागी तुम्ही आपल्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, पुढचं दार पुरवठादाराचं आहे. माझा भाऊ असाच बसलेला निघाला. त्याच्या केबलवाल्याला विचारलं तर "नेट चालतंय ना?" एवढंच उत्तर मिळालं. चालतंय खरं, पण बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. स्थिर पत्ता मागून घेता येतो, त्याचे वेगळे पैसे पडतात. विचारून बघायला हरकत नाही.

पैसे न भरताही वाट आहे, फक्त दार कोण उघडणार ते उलटवायचं. याला पॅसिव्ह डीसीसी म्हणतात. पाठवणारा पोर्टच्या जागी शून्य पाठवतो. त्याचा अर्थ: मला दार उघडता येत नाही, तू उघड, मी फाइल घेऊन तुझ्याकडे येतो. हेक्सचॅटमध्ये स्लॅश, डीसीसी, पीसेंड, समोरच्याचं नाव आणि फाइल. एमआयआरसीत स्लॅश, डीसीसी, पॅसिव्ह, ऑन. आता घेणाऱ्याचं पोर्ट उघडं असावं लागतं, आणि माझं होतं. शिरपूरची पहिली अख्खी फाइल अशी आली.

दोघंही तशाच पत्त्यामागे असाल तर सरळ डीसीसी होणार नाही. मग दोन्ही कॉम्प्युटर टेलस्केलसारख्या खासगी व्हीपीएनमध्ये (लांबचे कॉम्प्युटर एकाच घरात असल्यासारखे जोडणारी सोय) घ्या, आणि त्याने दिलेला पत्ता हेक्सचॅटच्या डीसीसी पत्त्याच्या चौकटीत लिहा.

हे सगळं बरोबर असून अडत असेल तर विंडोजची फायरवॉल बघा. प्रोग्रामने पहिल्यांदा दार उघडलं की विंडोज विचारतं, परवानगी देऊ का? घाईत कॅन्सल दाबलं की विंडोज त्या प्रोग्रामसाठी अडवणुकीचा नियमच लिहून ठेवतं, आणि पुन्हा कधी विचारत नाही. ऍडव्हान्स्ड फायरवॉलमध्ये इनबाउंड रूल्स उघडा, तुमच्या प्रोग्रामच्या नावापुढे लाल खूण असेल तर तो नियम पुसा आणि प्रोग्राम परत सुरू करा. फायरवॉल अख्खी बंद करू नका.

अर्धी फाइल टाकून देऊ नका

६३५ एमबीपैकी ५८० आले आणि लाइट गेली, तर पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची नाही. फाइल त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाने राहू द्या. पाठवणाऱ्याने तीच फाइल पुन्हा देऊ केली की रिझ्यूम निवडा. ओव्हरराइट दाबलंत तर आलेलं सगळं गेलं. एकदा रात्री अकराला झोपेच्या भरात माझं बोट तिकडे पडलंय, त्या रात्रीचे दोन तास वाया गेले.

रिझ्यूमला एक मर्यादा आहे. आतला मजकूर तोच आहे की नाही, हे तो तपासत नाही. तो फक्त सांगतो की माझ्याकडे एवढे बाइट आहेत, पुढचे दे. भावाने मधल्या वेळात रेकॉर्डिंगच्या सुरुवातीची शांतता कापून त्याच नावाने जतन केली होती. माझ्याकडे जुन्या फाइलचं डोकं आणि नव्या फाइलचं धड आलं, आणि गाण्यात मध्येच एक ओळ तुटली. तेव्हापासून आम्ही प्रत्येक फाइलचा शा-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढून चॅटमध्ये लिहितो. लिनक्सवर शा२५६सम, विंडोजवर सर्टयुटिल, उणे हॅशफाइल, मग फाइलचं नाव आणि शेवटी शा२५६. दोन्हीकडे तीच अक्षरं आली की काम संपलं. डेबियनसारखे लिनक्सवाले आपल्या आयएसओ फाइलींचे (इन्स्टॉल करायच्या डिस्कच्या फाइलींचे) असे आकडे स्वतःच जाहीर करतात, तेव्हा बॉटकडून आयएसओ घेतली तरी आकडा मूळ साइटवरचाच जुळवा.

बॉटकडून घेताना वेळही सांभाळा. आयरॉफर जातीच्या बॉटने फाइल देऊ केली आणि तुम्ही १८० सेकंदांत जोडला नाहीत तर तो जागा काढून घेतो. म्हणून लोक सगळं आपोआप घेण्याची सेटिंग चालू करून ठेवतात. ती मला पटत नाही. डीसीसीत समोरच्याला तुमचा पत्ता कळतो आणि फाइल मधल्या कुठल्याही गाळणीतून जात नाही. आपोआप घ्यायचं तर फक्त ठरलेल्या नावांकडून घ्या. अनोळखी माणसाने न मागता दिलेली फाइल, विशेषतः ईएक्सई, नाकारा. आणि जे वाटण्याची परवानगी आहे तेच घ्या आणि द्या. आम्ही ज्या आजींचं गाणं रेकॉर्ड करतो त्यांनाही आधी विचारतो.

मराठीत टाइप करणाऱ्यांच्या दोन खास अडचणी आहेत, त्या कुठे लिहिलेल्या मला सापडल्या नाहीत. कीबोर्ड मराठीवर राहिला की नंबर देवनागरी आकड्यात पडतो. हॅशपुढे देवनागरी १२ लिहिलं तर बॉटला तो आकडा वाटतच नाही. डोळ्यांना बरोबर दिसतं, म्हणून चूक सापडत नाही. कमांडच्या आधी चुकून एक रिकामी जागा पडली तरी ती कमांड राहत नाही, अख्खी ओळ चॅनेलमध्ये सगळ्यांसमोर छापली जाते.

दुसरी अडचण फाइलच्या नावाची. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा धरून, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) तीन बाइट खातं. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट४ फाइलसिस्टिममध्ये नाव २५५ बाइटपेक्षा मोठं चालत नाही, म्हणजे फार तर ८५ चिन्हं. भाऊ फाइलला गाणं, गाणारणीचं नाव, गाव, तिथी असं सगळं लिहायचा. त्याच्या विंडोजवर ते चालायचं, माझ्या लिनक्सवर फाइल तयारच व्हायची नाही. नाव आणखी लांबलं तर ५१२ बाइटची ओळ भरते आणि शेवटचे पत्ता, पोर्ट, आकार हे आकडेच कापले जातात. आता आम्ही फाइलला रोमन लिपीत छोटं नाव देतो, आणि गाणारणीचं नाव, गाव, तिथी वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये मराठीत लिहून ती सोबत पाठवतो.

राहता राहिला लाइटचा प्रश्न. फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही बहुधा १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, घेण्याआधी दोघांच्या ऍडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जा. आमच्याकडे तो बसवल्यापासून लाइट गेली तरी राउटर जागा राहतो, दोन्ही पत्ते टिकतात, आणि लॅपटॉपवरची फाइल चालूच असते.